थर्मामीटर ९८ दाखवतो, तेव्हा वहीत काय लिहायचे?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

२८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन झाला आणि त्यानंतर चार-पाच दिवस आपल्या दैनिकाच्या नाशिक जिल्ह्याच्या पानांवर शाळाशाळांमधील विज्ञान प्रदर्शनांची छायाचित्रे येत राहिली. ती पाहून आनंद झाला, कारण मी स्वतः दिंडोरी तालुक्यात आणि नंतर नाशिक शहरात मिळून ३१ वर्षे सहावी ते आठवीच्या वर्गांना विज्ञान शिकवले आहे. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मुलांच्या डोळ्यांत जी धांदल असते ती मी जवळून पाहिलेली आहे. तरीही त्या छायाचित्रांत मला एक गोष्ट कुठेच दिसली नाही. आपण स्वतः काही मोजले, ते असे भरले आणि असे का भरले हे आम्हाला अजून कळलेले नाही, असे लिहिलेला मुलांच्या हस्ताक्षरातला एकही कागद कोणत्या टेबलावर नव्हता. उच्च प्राथमिक वर्गांत विज्ञान हाताने शिकण्याचा विषय मला या पत्रातून वाचकांपुढे मांडायचा आहे. पत्र लांबले आहे, पण विषय थोडक्यात उरकण्यासारखा नाही.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते. सातवीच्या वर्गात उष्णतेचा पाठ चालू होता. टेबलावर स्पिरिटचा दिवा, तिवई, चंचुपात्रात पाणी आणि स्टँडला अडकवलेला थर्मामीटर असा थाट मी मांडला होता. पाणी उकळू लागल्यावर पहिल्या बाकावरच्या एका मुलीला मी आकडा वाचायला बोलावले. तिने नीट वाकून पाहिले आणि ‘९८’ असे सांगितले. मी तिला सांगितले की थर्मामीटर जुना आहे, तू वहीत १०० लिही. ती जागेवर गेली नाही. तिने विचारले, “बाई, पाणी उकळतंय, पारा दोन मिनिटं झाली हललेला नाही, मग वरचे दोन अंश कुठे गेले?” माझ्याकडे उत्तर नव्हते. पाठ पुढे सरकवायचा होता. वर्गातल्या सगळ्या वह्यांत त्या दिवशी १०० लिहिले गेले.

उत्तर मला चार दिवसांनी सुचले आणि ते इतके सोपे होते की स्वतःचाच राग आला. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते हे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाला खरे आहे. आपले नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. जसे वर जावे तसा हवेचा दाब कमी होतो, पाण्याच्या पृष्ठभागावरचे हवेचे ओझे हलके होते आणि पाणी आधीच उकळू लागते. हा फरक साधारण ३०० मीटरला एक अंश असा पडतो. म्हणजे नाशिकमध्ये पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळायला हवे. थर्मामीटर बरोबर होता, ती मुलगी बरोबर होती, पुस्तकही आपल्या अटीसह बरोबर होते. मी मात्र ती अट न सांगता मुलीला तिच्या डोळ्यांनी दिसलेले खोडायला लावले होते.

पुढच्या वर्षी मी हाच पाठ निराळ्या रीतीने घेतला. वर्गात ४२ मुले होती. त्यांचे सहा गट केले आणि प्रत्येक गटाला थर्मामीटर दिला. आधी सगळ्यांनी तो वितळत्या बर्फाच्या चुऱ्यात बुडवून तो शून्य दाखवतो का हे तपासले, कारण मोजण्याचे साधन खरे आहे की नाही हे मोजण्याच्या आधी पाहायचे असते. एका गटाचा थर्मामीटर एक अंश जास्त दाखवत होता. तो टाकून न देता त्याच्या प्रत्येक आकड्यातून एक वजा करायचे असे मुलांनीच ठरवले. मग पाणी उकळले. फळ्यावर सहा आकडे आले: ९७.५, ९८, ९८, ९७, ९८.५ आणि ९९. एकाच पाण्याचे सहा आकडे पाहून वर्गात जो कल्लोळ झाला तो शांत करण्याची मला घाई नव्हती. ९९ वाल्या गटाच्या थर्मामीटरचा फुगा भांड्याच्या तळाला टेकत होता हे शेजारच्या गटाने शोधले. ९७ वाला मुलगा वरून तिरका पाहत होता. डोळा पाऱ्याच्या पातळीला आणल्यावर त्याचा आकडा अर्ध्या अंशाने बदलला. उरलेल्या आकड्यांतून ‘अठ्ठ्याण्णवच्या आसपास’ हे उत्तर वर्गाने स्वतः काढले, आणि त्यानंतरच मी उंचीची आणि दाबाची गोष्ट सांगितली. ती सांगत असताना त्र्यंबककडची एक मुलगी म्हणाली की आजीकडे डाळ शिजायला वेळ लागतो, तो यामुळे का? दोन ठिकाणांच्या उंचीत फार फरक नाही, पण प्रश्नाची दिशा अगदी बरोबर होती. कळसूबाईच्या १६४६ मीटर उंच माथ्यावर पाणी ९४-९५ अंशांलाच उकळेल आणि तिथे उघड्या भांड्यात डाळ शिजायला नक्कीच जास्त वेळ लागेल, तर कुकरमध्ये आपण वाफ कोंडून दाब वाढवतो म्हणून डाळ लवकर शिजते, इथपर्यंत गाडी आली. वर्गातल्या एका मुलाचे मामा दादरला राहत. तो दिवाळीच्या सुट्टीत थर्मामीटर मागून घेऊन गेला, टॉवेलात गुंडाळून सांभाळून परत आणला आणि वहीत लिहिले, ‘मुंबई, मामाचे घर, साडेनव्याण्णव’. ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

या साऱ्याला एका तासिकेऐवजी तीन तासिका लागल्या. पण त्या तीन तासिकांत मुले जे शिकली ते सगळे ‘पाणी १०० अंशांना उकळते’ या एका ओळीत मावणारे नव्हते. साधन तपासणे, अनेकदा मोजणे, दुसऱ्याच्या मापनातली चूक सभ्यपणे दाखवणे आणि पुस्तकातल्या विधानाला कोणती अट जोडलेली आहे ते विचारणे या साऱ्या सवयी पाठांतराने अंगी बाणत नाहीत.

हाताने विज्ञान शिकणे म्हणजे मला काय अभिप्रेत आहे, तेही स्पष्ट करायला हवे. शिक्षकाने टेबलावर प्रयोग करून दाखवणे उपयोगाचे आहे, पण तो पहिल्या दोन बाकांचा प्रयोग असतो. मागच्या मुलांना शिक्षकाची पाठ तेवढी दिसते. प्रदर्शनातल्या थर्माकोलच्या प्रतिकृती बऱ्याचदा पालकांनी केलेल्या असतात आणि त्यांतून कोणताही प्रश्न सुटायचा नसतो. आता पुष्कळ शाळांत डिजिटल फलक आले आहेत. हृदयाच्या झडपा किंवा शनीची कडी दाखवायला त्यांच्यासारखे साधन नाही. पण पाणी उकळण्याची चित्रफीत दाखवण्याचे कारण मला समजलेले नाही, कारण पोषण आहाराच्या खोलीत रोज पाणी उकळत असते. मूल स्वतःच्या हाताने काही करते, त्यात काय झाले ते स्वतःच्या शब्दांत लिहिते आणि अपेक्षेप्रमाणे झाले नसले तरी तसेच लिहिण्याची त्याला मुभा असते, तिथेच माझ्या मते प्रयोग झाला असे म्हणता येते. यातली शेवटची अट सर्वांत अवघड आहे.

सहावी ते आठवीचेच वर्ग का, असे कोणी विचारील. अकरा ते चौदा या वयात मुलांच्या विचारात एक नवी ताकद येते, आणि नववीपासून दहावीच्या परीक्षेची सावली पडली की ती वापरायला कोणाला उसंत राहत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या आणि मग परिणाम कशाचा ते ठरवायचे, ही ती ताकद. चौथीच्या मुलाला हे सांगून कळत नाही, सातवीच्या मुलाला ते करता करता उमगते. यासाठी माझा आवडता प्रयोग दोरी आणि दगडाचा आहे. खिडकीच्या गजाला दोरी बांधायची, टोकाला दगड अडकवायचा आणि दहा झोक्यांना किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजायचे. त्याआधी वर्गाला विचारायचे की दगड जड केला तर झोका लवकर जाईल की सावकाश? माझ्या इतक्या वर्षांत एकही वर्ग असा नव्हता ज्यात बहुसंख्य मुलांनी ‘जड दगड लवकर’ असे सांगितले नाही. नागपंचमीला आणि आमच्या कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) भागात आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला झोके घेणाऱ्या मुलींचीही हीच खात्री असते.

मग मुले मोजतात. दोरी वरच्या गाठीपासून दगडाच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर असेल, तर दहा वेळा जाऊन-येऊन होण्याला २० सेकंद लागतात. दगड दुप्पट जड घेतला तरी २० सेकंदच लागतात. मुलांचा विश्वास बसत नाही, ती पुन्हा मोजतात, मोजणाऱ्यावर शंका घेतात, मोजणारा बदलतात. शेवटी कोणीतरी दोरीच आखूड करून पाहते आणि वेळ बदलतो. दोरी निम्मी केली तर वेळही निम्मा होईल असा अंदाज पुन्हा चुकतो. वेळ निम्मा व्हायला दोरी पाव मीटर करावी लागते, तेव्हा दहा झोके दहा सेकंदांत होतात. यातले वर्गमुळाचे सूत्र सातवीत सांगण्याची गरज नाही. आपली खात्री मोजमापापुढे हरली, आणि त्यात अपमान वाटण्यासारखे काही नव्हते, हा अनुभव त्या वयात मिळणे मला सूत्रापेक्षा मोलाचे वाटते. या प्रयोगाला दोरीचा खर्च सोडला तर काही लागत नाही, म्हणून ‘आमच्याकडे प्रयोगशाळा नाही’ हे कारण मला पटत नाही.

नाशिक जिल्ह्याच्या शिक्षकाला तर साहित्याची चणचण असूच नये, इतके काही आपल्या भोवती पडलेले आहे. सावलीचेच घ्या. ‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो’ असे आपण सगळे सहज बोलतो. शाळेच्या मैदानात एक मीटरची सरळ काठी ओळंब्याने उभी करून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करायला मुलांना सांगितले, तर सर्वांत आखूड सावली बाराला मिळत नाही असे त्यांना दिसते. आपल्या घड्याळातली वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि नाशिक ७३.८ अंशांच्या जवळ आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणून आपली खरी मध्यान्ह सरासरी १२.३५ ला होते आणि ऋतूनुसार साधारण १२.२० ते १२.५० यांच्या दरम्यान सरकते. सहावीच्या भूगोलात रेखावृत्ते वाचून कंटाळलेली मुले हा हिशोब मैदानात उभी राहून आनंदाने करतात.

त्याच काठीची मध्यान्हीची सावली वर्षभर दर पंधरवड्याला मोजत गेले तर मोठा खजिना हाती येतो. २२ डिसेंबरच्या सुमारास एक मीटरच्या काठीची सावली जवळजवळ ९५ सेंटिमीटर असते, २१ मार्चला ती ३६ सेंटिमीटरवर येते. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या २०-२१ तारखेच्या आसपास मध्यान्ही सावली काठीच्या पायात नाहीशी होते. त्यानंतर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ती पुन्हा सुमारे ६ सेंटिमीटर दिसते, पण या वेळी दक्षिणेच्या बाजूला. शून्य सावलीचा मे महिन्यातला दिवस सुट्टीत येतो आणि सूर्य परततानाचा जुलैमधला ढगांत हरवतो, ही आपल्या शाळांची अडचण आहे खरी. पण मुलांना सुट्टीत घरच्या अंगणात करायला यापेक्षा चांगला गृहपाठ मला सुचत नाही. रात्री ध्रुवतारा क्षितिजापासून किती अंश वर दिसतो ते कोनमापकाला दोऱ्याने खडा बांधून मोजले तर पुन्हा तोच आकडा येतो, २० च्या जवळचा. जमिनीवरच्या सावलीतून आणि आकाशातल्या ताऱ्यातून आपल्या गावाचा एकच पत्ता निघाला की मुले गप्प होतात, ती शांतता मला फार प्रिय आहे.

दिंडोरी, निफाड, चांदवडकडच्या मुलांच्या घरी याहूनही जवळचे विज्ञान आहे. द्राक्षबागेत फवारायचे बोर्डो मिश्रण करताना त्यांचे वडील १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि एक किलो चुना असे प्रमाण घेतात, आणि मिश्रण तयार झाले की त्यात घासून लखलखीत केलेला विळा किंवा चाकू बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी चुन्याची निवळी घालतात, कारण चुना कमी पडलेले मिश्रण पाने जाळते. हे पाहत मोठे झालेले मूल पुढे दहावीच्या पुस्तकात ‘विस्थापन अभिक्रिया’, म्हणजे लोखंडाने द्रावणातल्या तांब्याची जागा घेणे, पाठ करते आणि त्याचा आपल्या वडिलांच्या विळ्याशी संबंध आहे हे त्याला कोणी सांगत नाही. शाळेत एका काचेच्या ग्लासात मोरचुदाचे फिकट द्रावण घेऊन त्यात लोखंडी खिळा ठेवला की दहा मिनिटांत तांब्याचा थर दिसतो. मग चुन्याची निवळी थोडी थोडी घालत नवा खिळा बुडवत जायचे आणि थर केव्हा चढेनासा होतो ते पाहायचे. मोरचूद विषारी आहे, म्हणून द्रावण शिक्षकानेच करावे आणि मुलांनी नंतर साबणाने हात धुवावेत, इतकी काळजी पुरेशी होते. मी हा प्रयोग प्रथम केला तेव्हा अभ्यासात मागे समजला जाणारा एक मुलगा वर्गाला चुना किती लागेल ते अचूक सांगत होता. त्याला वर्षभरात मी प्रथमच बोलताना ऐकले.

कांद्याचा पापुद्रा, भिजत घातलेले बेदाणे आणि अवकाळी पावसात तडकणारे द्राक्षमणी, हळदीच्या कागदावर साबणाचा डाग, जास्वंदीचा रंग आणि लिंबू, अशी यादी कितीही वाढवता येईल. ती वाढवत नाही. फक्त पावसाचा एक प्रयोग सांगते, कारण तो एका शाळेने एकट्याने करण्याचा नाही. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली वरून कापून, कापलेले तोंड नरसाळ्यासारखे उलटे बसवले आणि बाटलीच्या तळाच्या खोलगट भागात आधी शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरले की पर्जन्यमापक तयार होतो. पट्टी लावून मिलिमीटर मोजायचे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, एवढे कळले की शाळेच्या छपरावर किती टाक्या पाणी पडले हे मुले स्वतः काढतात. आपल्या जिल्ह्यात इगतपुरीचा पाऊस आणि सिन्नर-येवल्याचा पाऊस यांत कितीतरी पटींचा फरक आहे. इगतपुरी, नाशिक, सिन्नर आणि येवला अशा चार ठिकाणच्या चार शाळांनी पावसाळाभर रोज सकाळी ठरलेल्या वेळी मोजून एकमेकांना आकडे कळवले, तर सह्याद्री ढगांचे पाणी कसे अडवतो हे नकाशावर न दाखवताही मुलांना दिसेल.

असे असताना वर्गांत हे होत का नाही? पैसा हे मुख्य कारण नाही, असे माझे ठाम मत आहे. पुष्कळ शाळांत विज्ञान पेटी असते आणि ती कपाटात कुलूपबंद असते. कुलूप लावणारा शिक्षक आळशी नसतो, तो घाबरलेला असतो. परीक्षानळी फुटली तर शाळेच्या सामानाच्या जडसंग्रह नोंदवहीत ती कमी कशी दाखवायची, निर्लेखनाचा म्हणजे ती नोंदीतून काढून टाकण्याचा प्रस्ताव कोण करणार, तपासणीत विचारले तर काय सांगायचे, या चिंतेपायी वीस रुपयांची नळी मुलांच्या हातात दिली जात नाही. काचेचे सामान मुलांच्या हातून फुटणारच. जिथे वर्षभरात एकही नळी फुटली नाही तिथे प्रयोग झाले नाहीत, असे तपासणी अधिकाऱ्यांनी समजावे.

दुसरे कारण वेळापत्रक. ३५ मिनिटांच्या तासिकेत हजेरी, गट पाडणे, साहित्य वाटणे आणि शेवटी आवरणे यांतच निम्मा वेळ जातो. तिसरे कारण असे की बऱ्याच ठिकाणी विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकाची स्वतःची पदवी भाषेची किंवा इतिहासाची असते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने सहावी ते आठवीसाठी विज्ञान व गणिताचा किमान एक शिक्षक असावा असे म्हटले आहे, पण त्या एका शिक्षकावर किती वर्ग आणि किती अशैक्षणिक कामे आहेत हे ज्याचे त्याला माहीत. प्रयोग फसला तर मुलांपुढे काय सांगायचे ही भीती अशा शिक्षकाला अधिक असते, आणि मी स्वतः विज्ञानाची पदवीधर असूनही ९८ च्या आकड्यापुढे अडखळले होते, त्यामुळे त्याला दोष देणे मला जमणार नाही.

पण सर्वांत खोल कारण वहीत आहे. साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान असे चार मथळे घालून प्रयोग लिहिण्याची आपली पद्धत आहे. मथळे चांगले आहेत. मात्र फळ्यावर हे चारही रकाने प्रयोगाच्या आधीच लिहिले जातात आणि मुले ते उतरवून घेतात. ज्याचे निरीक्षण अजून व्हायचे आहे ते वहीत आधीच लिहून झालेले असते, मग पाहायचे कशाला? परीक्षेतही त्याच ओळी अपेक्षित असतात. बालभारतीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकांत ‘करून पहा’ असे चौकटीचौकटींत छापलेले आहे, वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाच्या साधनतंत्रांत प्रात्यक्षिक आणि प्रयोगाला स्वतंत्र जागा आहे, वर उल्लेखिलेल्या कायद्याच्या २९ व्या कलमात कृती, शोध आणि अन्वेषण यांतून शिकण्याचा उल्लेख आहे, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना शाळा सुचवली आहे. नियम सगळे मुलांच्या बाजूने आहेत. निरीक्षणाचा रकाना प्रयोग होईपर्यंत कोरा ठेवणे आणि त्यात मुलाने जे लिहिले असेल त्याला प्रामाणिकपणाचे गुण देणे, हे मात्र कोणत्याही परिपत्रकाची वाट न पाहता उद्यापासून करता येईल.

हे साध्या सरकारी शाळांत होऊ शकत नाही असे म्हणणाऱ्यांनी शेजारच्या मध्य प्रदेशाकडे पाहावे. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ माध्यमिक शाळांपासून विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. तिथली ‘माध्यमिक’ म्हणजे आपली सहावी ते आठवीच. चार-चार मुलांच्या टोळ्या करून प्रयोग करणे, निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत लिहिणे, शिक्षकांच्या मासिक बैठका घेणे आणि परीक्षेला पुस्तक उघडे ठेवून प्रश्नांची उत्तरे लिहिण्याबरोबर प्रत्यक्ष प्रयोगही करायला लावणे, हे त्याचे स्वरूप होते. मुलांनी पाठवलेल्या प्रश्नांना ‘सवालीराम’ या नावाने पत्राने उत्तरे जात. पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने हे काम सांभाळले आणि ते अनेक जिल्ह्यांतील शेकडो शाळांपर्यंत पोहोचले. राज्य शासनाने २००२ मध्ये तो कार्यक्रम बंद केला याचे मला अजूनही वाईट वाटते, पण तीस वर्षे खेड्यापाड्यांतल्या सामान्य शाळांत तो चालला ही गोष्ट त्यामुळे पुसली जात नाही. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून भूमितीचे आकार जोडण्याची अरविंद गुप्ता यांची कल्पनाही त्याच कार्यक्रमाच्या सहवासातली, आणि नंतर पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारातून त्यांनी टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी मुलांपर्यंत नेली. पुणे आपल्यापासून दोनशे किलोमीटरवर आहे.

म्हणून जिल्हा परिषदेच्या आणि महानगरपालिकेच्या शिक्षण विभागांना, तसेच खासगी शाळांच्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की येत्या जूनमध्ये वेळापत्रक करताना सहावी ते आठवीच्या प्रत्येक तुकडीला आठवड्यातून एकदा विज्ञानाच्या दोन तासिका सलग द्याव्यात. काचसामानाच्या फुटीसाठी वर्षाला ठरावीक रकमेपर्यंत मुख्याध्यापकांच्या सहीनेच निर्लेखन करण्याची मुभा मिळाली, तर कपाटे उघडतील. केंद्र स्तरावरच्या शिक्षण परिषदेत विज्ञान शिक्षकांना भाषणे ऐकवण्याऐवजी पुढच्या महिन्याचे दोन प्रयोग स्वतः करायला बसवावे, म्हणजे फसण्याची भीती आधी तिथे निघून जाईल. सुरक्षिततेचा प्रश्न खरा आहे आणि तो मी हलका करत नाही. दिवा पेटला असताना ओढण्या आणि केस बांधलेले असावेत, पाण्याची आणि वाळूची बादली हाताशी असावी, आणि पाऱ्याच्या थर्मामीटरऐवजी लाल द्रवाचा थर्मामीटर वापरावा, कारण फुटलेला पारा वर्गात धोकादायक ठरतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी सामाजिक दायित्व निधीतून शाळांना आणखी डिजिटल फलक देण्यापेक्षा प्रत्येक शाळेला सहा थर्मामीटर, सहा भिंगे आणि एक चांगली तराजू द्यावी.

पालकांना एवढेच सांगते की डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेच्या शिकवणीला सहावीतल्या मुलाला जरूर पाठवा, त्या स्पर्धेत प्रात्यक्षिकाची फेरी असते ही चांगलीच गोष्ट आहे. पण ते प्रात्यक्षिक शिकवणीत पाठ करून घेतले जात असेल तर एकदा चौकशी करा. आणि घरी आल्यावर ‘आज किती गुण मिळाले’ याच्या आधी ‘आज काय मोजलेस’ असे विचारून पाहा.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. पावसाळ्यात जिल्ह्यातील शाळांनी स्वतः बनवलेल्या मापकावर मोजलेला पाऊस आठवड्यातून एकदा छापण्यासाठी आपण चार ओळींची जागा दिलीत, तर मुले एकही दिवस चुकवणार नाहीत. शहरातील ज्या शाळेला वर लिहिलेले प्रयोग सुरू करताना सोबत हवी असेल, तिथे मी माझे थर्मामीटर घेऊन आठवड्यातून दोन दिवस विनामूल्य यायला तयार आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे.

पावसाळ्यापर्यंतही थांबण्याचे कारण नाही. येत्या २१ मार्चला दुपारी १२.४० च्या सुमारास मैदानात एक मीटरची काठी उभी करून मुलांना तिची सर्वांत आखूड सावली मोजायला सांगावी. आकाश निरभ्र असेल तर ती ३६ सेंटिमीटरच्या जवळ भरावी. कोणाची ३४ किंवा ३९ भरली तर त्यांनी तीच वहीत लिहावी, काठी सरळ उभी होती का ते पुन्हा पाहावे आणि आकडा आपल्याकडे पाठवावा.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
नाशिक